दिवसाची घडी कशी बसवावी

मी पुण्यात कर्वेनगरला राहते आणि घरूनच छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची कामं करते. हार्डवेअरचं दुकान, मेडिकल, एक केटरर, असे माझे लोक. घरात सासूबाई, नवरा आणि दहावीतला मुलगा. लोकांना वाटतं, घरून काम म्हणजे वेळच वेळ. प्रत्यक्षात घरून काम करणाऱ्याच्या दिवसावर सगळ्यांचा हक्क असतो: दूधवाल्याचा, कामाला येणाऱ्या मावशींचा, पार्सलवाल्याचा आणि ‘ताई, एकच मिनिट’ म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकाचा. दुपारनंतर ज्यांच्या अंगात त्राण उरत नाही, दिवसभर राबूनही महत्त्वाचं काम ज्यांच्या टेबलावर तसंच पडून राहतं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

माझं सांगणं थोडक्यात असं. पहाटेपासून रात्रीपर्यंत दर पंधरा मिनिटांचं वेळापत्रक आखत बसू नका. दिवसातल्या दोनच वेळा पक्क्या करा: उठायची, आणि सगळ्यात अवघड कामाला बसायची. चहा, जेवण, व्यायाम, झोप हे सगळं या दोन वेळांना सोयीचं पडेल असं लावा. घरात पाहुणे आले, मूल आजारी पडलं तरी दोन वेळा सांभाळता येतात. वीस वेळा कोणालाच सांभाळता येत नाहीत.

आधी आठवडाभर नुसती नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला दोऱ्याने पेन बांधा. उठल्यापासून झोपेपर्यंत साधारण दोन-दोन तासांनी एकच खूण करायची: तरतरी असेल तर अधिक, मरगळ असेल तर उणे. शेजारी चहा कधी घेतला, जेवण कधी झालं, रात्री दिवा कधी मालवला तेही टिपायचं. आठवड्याच्या शेवटी त्या चौकटींकडे नीट पाहिलं की आपलं डोकं कधी चालतं आणि कधी चालत नाही ते कळतं. माझं साडेनऊ ते बारा स्वच्छ चालतं, दोन ते साडेतीन जड असतं आणि पाचनंतर पुन्हा थोडी उभारी येते. तुमचं वेगळं असू शकेल, आणि ते तुमच्याच नोंदीतून दिसायला हवं.

याच कागदावर घरातल्या न हलणाऱ्या गोष्टी लिहा. पाणी किती वाजता येतं, मावशी कधी येतात, मुलाचा क्लास, नवऱ्याचा डबा. पुण्यात राहत असाल तर गुरुवार-शुक्रवार वेगळे लिहा. दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी निघतात आणि मग शुक्रवारी सकाळी पाणी ‘उशिरा आणि कमी दाबाने’ येतं. ज्या सकाळी बादल्या भरायच्या आहेत त्याच सकाळी पाऊण तास योगासनं ठरवलीत तर दोन्हीतलं एकही धड होणार नाही. दिनक्रम असा घरच्या वास्तवाला धरून हवा.

उठायची वेळ

झोपायची वेळ पाळण्याआधी उठायची वेळ पक्की करा. झोप हुकमी येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. रोज एकाच वेळी उठायला लागलात की काही दिवसांत रात्री डोळेही त्याच सुमाराला मिटायला लागतात. रविवारीही तीच वेळ ठेवा, फार तर अर्धा-पाऊण तास पुढे. शनिवारी रात्री एकपर्यंत जागून रविवारी दहाला उठलं की सोमवारी सहाचा गजर वाजतो तेव्हा शरीराच्या लेखी अजून पहाटही झालेली नसते.

असं का होतं तेही समजून घ्या. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगेच वर पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. तो शरीराचं मुख्य घड्याळ. बहुतेक माणसांमध्ये ते चोवीस तासांपेक्षा किंचित हळू चालतं आणि रोज सकाळच्या उजेडाने स्वतःला जुळवून घेतं. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते फळमाश्यांवर काम करून उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या कामाचा भाग एवढाच, की उठल्यावर तासाभरात डोळ्यांना बाहेरचा उजेड मिळाला पाहिजे. ट्यूबलाइटखाली आपल्याला लख्ख वाटतं, पण तिथे साधारण शे-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड असतो. ढगाळ सकाळीही गच्चीवर तो काही हजार लक्स भरतो. डोळे सरावतात म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही, त्या घड्याळाला मात्र जाणवतो.

मी तुळशीला पाणी घालायला गच्चीवर जाते आणि चहा तिथेच घेते. पंधरा मिनिटं पुरतात. पावसाळ्यात छत्री घेऊन जिन्याच्या दारात उभी राहते. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, नुसतं उजेडात असायचं. फ्लॅटला गच्ची नसेल तर दूध आणायला चालत जा. गॅलरीत उभं राहिलात तरी काचा उघड्या ठेवा.

आता, किती वाजता उठायचं? पाचला उठणाऱ्यांचं सध्या फार कौतुक आहे. माझं मत वेगळं आहे. पुण्यात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि जानेवारीत सात वाजून गेल्यावर. जानेवारीत पाचला उठलेल्या माणसाला उजेडासाठी दोन तास थांबावं लागतं. मी वर्षातला बराच काळ सहाला उठते आणि थंडीत साडेसहाला. बहुतेक प्रौढ माणसांना किमान सात तास झोप लागते. तेव्हा सहाचा गजर असेल तर साडेदहाला अंथरुणावर पडायला हवं. रात्री साडेअकराला झोपून पाचला उठणाऱ्याची झोप साडेपाच तासच होते, आणि ती तूट दुपारी, चिडचिडीतून आणि चुकांमधून, भरावीच लागते.

इथे दहावी-बारावीच्या मुलांच्या आयांना हात जोडून एक विनंती. वयात येणाऱ्या मुलांचं हे घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकतं. रात्री नऊ-दहाला त्यांना तरतरी असते आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. तो आळस नाही. त्यांना आठ ते दहा तास झोप लागते. आमचा मुलगा रात्री दहापर्यंत अभ्यास करून झोपतो आणि साडेसहाला उठतो. पहाटे चारला उठवून पुस्तक पुढ्यात ठेवलं तर पानं उलटतील, डोक्यात काही राहणार नाही.

चहाचं थोडं

पुण्यात राहून चहा सोडा असं मी कोणालाही सांगणार नाही. फक्त शेवटच्या कपाची वेळ ठरवा. दिवसभर जागं असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि त्यामुळेच झोप येते. चहातलं कॅफीन त्याची जागा अडवतं. अडवलेलं ॲडेनोसिन तिथेच असतं, ते आपल्याला जाणवत नाही इतकंच. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला मैत्रिणींबरोबर अमृततुल्यात चहा घेतला तर अकरा वाजता त्यातलं निम्मं अजून अंगात असतं. माझा शेवटचा चहा साडेतीनला होतो. संध्याकाळी अमृततुल्यात मीही जाते, पण तिथे दूध घेते.

बायकांसाठी आणखी एक. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. ‘मला दुपारी उभंच राहवत नाही’ म्हणणाऱ्या कितीजणींच्या तक्रारीचं मूळ इथे असेल.

अवघड कामाला बसायची वेळ

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून माझ्या कामाचंच उदाहरण देते. महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-टू-बी तयार होतं. माझ्या केटररला माल विकणाऱ्यांनी कुठली बिलं दाखवली त्याचा तो तक्ता. तो त्याच्या खरेदी रजिस्टरशी ओळीने ओळ जुळवायचा आणि २० तारखेच्या आत थ्री-बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायचं. एका बिलाचा नंबर आपल्याकडे ०४५२ असतो, तिकडे नुसता ४५२. कुठे जीएसटी नंबरातलं एक अक्षर उलटसुलट पडलेलं. कुठे बिल एका महिन्याचं आणि दाखवलंय पुढच्या महिन्यात. तुपाच्या डब्यांचं एक बिल सापडतच नाही, आणि मग लक्षात येतं की विकणाऱ्याने दोन बिलं एकत्र करून एकच चढवलं आहे. हे शोधताना अशा पाच-सहा शंका एकाच वेळी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. तेवढ्यात फोन वाजला की हातातली सगळी सूत्रं सुटतात, आणि ती परत गोळा करायला फोनपेक्षा जास्त वेळ जातो.

तुमचं काम वेगळं असेल. पण ज्याला सलग डोकं लागतं असं एक काम प्रत्येकाच्या दिवसात असतंच. ते तुमच्या नोंदीतल्या सगळ्यात स्वच्छ वेळात ठेवा.

त्यासाठी तयारी आदल्या संध्याकाळी करायची. काम आवरताना मी एका चिठ्ठीवर उद्याची पहिली कृती लिहिते. नुसतं ‘केटररचं काम’ असं लिहून उपयोग नाही. ‘केटरर, टू-बी, ओळ ३८ पासून, तुपाचं बिल शोधणे’ असं लिहायचं. चिठ्ठी लॅपटॉपच्या झाकणावर आणि लागणारी फाइल टेबलावर. सकाळी बसल्यावर काय करू असा विचार करायची वेळ येता कामा नये, कारण त्या विचारातच हात मोबाइलकडे जातो.

साडेनऊला मोबाइल दुसऱ्या खोलीत फ्रिजवर. मुलाची शाळा आणि नवरा एवढ्या दोनच नंबरांची रिंग चालू. कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सॲप बंद. सगळ्या क्लायंटना मी कळवून ठेवलं आहे: ‘साडेनऊ ते बारा मी पोर्टलवर असते. बारा ते एक हमखास फोन करा.’ यातलं दुसरं वाक्य पहिल्याहून महत्त्वाचं आहे. बारा ते एक मी प्रत्येक फोन उचलते, राहून गेलेल्यांना स्वतः लावते. लोकांना थोडी गैरसोय चालते, अनिश्चितता चालत नाही. हार्डवेअरवाले काका आता इतर दुकानदारांनाही सांगतात, “ताईंना बाराला लावा, नक्की उचलतात.”

घरच्यांशीही तसंच स्पष्ट बोला. मी सासूबाईंना म्हटलं, “आई, साडेनऊ ते बारा दार लोटलेलं असलं की मी ऑफिसात गेलेय असं धरा.”

त्या म्हणाल्या, “अगं, पण कुकर? आणि मावशी आल्या की त्यांना भांडी कोण काढून देणार?”

प्रश्न रास्त होता. म्हणून कुकर नऊलाच लागतो, भांडी मी आधीच मोरीत काढून ठेवते, आणि दार उघडायचं काम आईंनी आपणहून घेतलं. घरातल्यांनी आपल्याला मोकळीक द्यावी असं वाटत असेल तर त्यांची त्या वेळातली अडचण आधी सोडवावी लागते.

पन्नासेक मिनिटांनी उठा, पाणी प्या, खिडकीतून लांब बघा, पुन्हा बसा. अडीच तास मिळत नसतील तर एक तास घ्या. माझा नवरा हिंजवडीला जातो. रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत निघतो आणि मीटिंगा सुरू होण्याआधीचा पहिला तास अवघड कामाला ठेवतो. दिवसभराच्या कामातलं खरं काम त्याच तासात होतं, असं त्याचं म्हणणं आहे.

दुपार

दुपारी दोनच्या सुमाराला येणारी सुस्ती फक्त जेवणाने येत नाही. न जेवलेल्या माणसालाही त्या वेळी थोडी मरगळ येतेच, कारण ती शरीराच्या घड्याळातच आहे. भरपेट भाताने ती वाढते इतकंच. पुण्यातल्या जुन्या दुकानदारांची एक ते चारची विश्रांती मला म्हणूनच अगदी शहाणपणाची वाटते.

जेवणात भाकरी किंवा पोळी, उसळ, पालेभाजी, ताक घ्या आणि भात थोडा. सकाळच्या पोह्यांवरही दाणे किंवा वाफवलेली मटकी घाला, नाहीतर अकराला पुन्हा भूक लागते आणि हात बिस्किटांच्या डब्यात जातो. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं शतपावली केली तर रक्तातली साखर एकदम चढत नाही. मग वामकुक्षी, पण गजर लावून, वीस मिनिटांची. त्यापुढे गेलं की गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं अधिकच जड होतं. तीननंतर आडवं होऊ नका, रात्रीच्या झोपेत वाटेकरी येतो. ऑफिसात असाल तर खुर्चीतच डोळे मिटून बसा.

दुपारचा वेळ हलक्या कामांचा. बिलं स्कॅन करणं, फायली लावणं, चलनं पाठवणं, बँकेत जाणं. ही कामं सकाळी केली तर छान वाटतं, चार कामं झटपट उरकल्यासारखं. पण त्यांनी आपली सगळ्यात चांगली वेळ खाल्लेली असते.

संध्याकाळ आणि रात्र

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. दम लागेल पण बोलता येईल अशा चालीने आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चाललं की पहिला भाग पूर्ण. मी साडेपाचला निघते. कधी कॅनॉल रोड, आणि रविवारी सकाळी वेताळ टेकडी. पर्वती जवळ असेल तर तिच्या १०३ पायऱ्यांसारखा फुकटचा व्यायाम दुसरा नाही. ताकदीसाठी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा आणि भिंतीला हात लावून जोर काढा. आमच्या आईसुद्धा धरायला कट्टा जवळ ठेवून उठा-बसा करतात.

आठपर्यंत जेवण. साडेनऊनंतर हॉलमधला मोठा दिवा बंद, छोटा चालू. सगळ्यांचे मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला. गजरासाठी साधं घड्याळ आणा, कारण ‘गजर मोबाइलवर आहे’ या सबबीवरच मोबाइल उशाशी येतो. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावरचं घर रात्रीही तापलेलं असतं. झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. त्वचेकडे रक्त येतं, शरीरातली उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते.

रात्रपाळी असेल तर

माझा भाचा खराडीला रात्रपाळी करतो, त्याला वरचं सगळं लागू पडत नाही. त्याच्यासाठी पक्की वेळ झोपायची: सकाळी घरी आला की नऊला. परतताना गाडीवर गॉगल, खोलीला जाड पडदे, दाराची बेल बंद. पाळीच्या पहिल्या निम्म्या भागात भरपूर उजेडात बसायचं, चहा-कॉफी तेव्हाच घ्यायची आणि शेवटच्या काही तासांत अजिबात नाही. सुट्टीच्या दिवशी एकदम दिवसाच्या वेळेवर न येता दोन-तीनच तास सरकायचं. घरच्यांनीही त्याची सकाळची झोप ही रात्रीची झोपच मानायला हवी. त्याला उठवून भाजी आणायला पाठवू नका.

घडी मोडते तेव्हा

गणपतीत पुण्यात कोणाचीच घडी टिकत नाही, आणि टिकवूही नये. ढोल-ताशाच्या सरावापासूनच संध्याकाळचा रंग बदलतो, आणि विसर्जन मिरवणूक पाहायला गेलं तर दुसरा दिवसही त्यातच जातो. माझ्या कामातही जुलैत रिटर्नची गर्दी असते आणि दर महिन्याला रिटर्न भरायच्या ११ आणि २० या तारखा येतातच. अशा दिवसांत व्यायाम दहा मिनिटांवर आणा, वामकुक्षी सोडा, पण उठायची वेळ आणि कामाला बसायची वेळ शक्य तेवढी धरून ठेवा. जागरण झालं तर दुसऱ्या सकाळी फार तर तासभर उशिरा उठा आणि उरलेली झोप त्या रात्री लवकर आडवं होऊन भरून काढा.

दोन-तीन आठवडे सगळं नीट पाळून, सात तास झोपूनही थकवा जात नसेल तर दिनक्रमात अजून फेरफार करत बसू नका. फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासायचं का ते विचारा. घोरणं मोठं असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल, तर तेही आवर्जून सांगा, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्या, कारण आपलं घोरणं आपल्याला ऐकू येत नाही. कॅलेंडरवरचे ते अधिक-उणेही बरोबर ठेवा. थकवा सकाळी उठल्यापासूनच असतो की दुपारी येतो, हे डॉक्टर विचारतातच, आणि त्याचं उत्तर त्या चौकटींमध्ये लिहिलेलं असतं.